मेध्य औषधाची बाटली आणि वृद्धाचा दिवस

“आईला हल्ली काही आठवत नाही, एखादे चांगले ब्राह्मीचे औषध द्या,” ही मागणी आमच्या व्यवसायात आता नित्याची झाली आहे. मागणारा बहुधा मुलगा असतो किंवा सून असते. ज्यांच्यासाठी औषध मागितले जाते त्या माउली सोबत आलेल्या असतातच असे नाही. चिकित्सालय असो वा औषधाचे दुकान, आमचे उत्तरही ठरलेले असते. सिरपची बाटली किंवा चूर्णाची डबी पुढे सरकते, तीन महिने नियमाने घ्या असे सांगितले जाते आणि विषय संपतो. त्या वृद्ध व्यक्तीचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस कसा जातो, हे या देवघेवीत कोणीच विचारत नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच आहे. तो विचारणे हे वैद्याचे काम आहे, आणि वैद्य समोर नसेल तेथे काही अंशी औषधविक्रेत्याचेही.

या विषयाचे मोजमाप आता उपलब्ध आहे. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला जो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठ वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. हा आकडा लहान नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शंभरांतील नव्वदांहून अधिक वृद्धांना हा व्याधी नाही, आणि तरीही त्यांतील अनेकांच्या घरी ‘विसरभोळेपणा’ची तक्रार आहे. आमच्याकडे येणारी मागणी मुख्यतः या दुसऱ्या वर्गाकडून येते. त्यांना व्याधीची चिकित्सा नको आहे. त्यांचे मन जागते राहील अशी दिनचर्या त्यांना हवी आहे. ती देण्याऐवजी आपण बाटली देतो.

मेध्य द्रव्यांवर आमची श्रद्धा नाही असे येथे कोणी समजू नये. चरकाचार्यांनी रसायनाध्यायाच्या करप्रचितीय पादात मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य रसायने सांगितली व त्यांत शंखपुष्पीला विशेष मान दिला, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण त्याच अध्यायाच्या पुढच्या पादात आचाररसायन आले आहे, आणि तेथे वनस्पती नाहीत, वागणे आहे. निद्रा व जागरण यांचा समतोल, नित्य दूध-तुपाचे सेवन, देशकालाचे भान, क्रोधाचा त्याग, वृद्ध व गुरुजनांची सेवा, शास्त्राचे चिंतन अशी ती यादी आहे. द्रव्यरसायन व आचाररसायन एकाच अध्यायात शेजारी बसवण्यात ग्रंथकाराचा काही हेतू असला पाहिजे. आपण त्यांतील एकच भाग विक्रीस ठेवला, कारण दुसरा बाटलीत भरता येत नाही.

याहून बोलके स्थळ शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहे. कतिधापुरुषीय अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत. निमित्त म्हणजे कारण पाहून त्याच्याशी जोडलेली गोष्ट आठवते, रूप पाहून आठवते, सादृश्याने आठवते, उलट वस्तू पाहूनही आठवते. मन एकाग्र जोडले गेल्याने, अभ्यासाने, ज्ञानयोगाने आणि पुन्हा ऐकल्याने स्मृती जागी होते. हा संदर्भ मोक्षशास्त्राचा आहे, घरातील आजोबांच्या चष्म्याचा नाही, हे आम्ही जाणतो. तरीही शास्त्रकाराने स्मृतीचे जे यंत्र येथे उलगडून दाखवले आहे ते दोन्हीकडे सारखेच चालते. आणि लक्षात घ्यावे की या आठांत द्रव्य एकही नाही. आठही कारणे माणसाच्या दिवसात, त्याच्या भोवतालात आणि त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांत आहेत.

आता आपल्या आजच्या घरांकडे या आठ कारणांच्या नजरेने पाहावे. गावचे घर बंद करून वृद्ध दांपत्य मुलाकडे शहरात येते. तेथील सदनिकेत माजघर नाही, परसू नाही, ओळखीचे फडताळ नाही. ज्या वस्तू पाहून आठवण यावी त्या वस्तूच नाहीत, म्हणजे निमित्त आणि रूप दोन्ही गेली. स्वयंपाकघरातील डबे सारखे, झाकणे सारखी, कप्पे बंद. साठ वर्षे अंधारातही हिंगाची डबी काढणारी बाई येथे मीठ कोठे आहे हे विचारते. सून त्रासून म्हणते, “आई, तुम्ही राहू द्या, मी करते.” हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते. पण त्या एका वाक्याने अभ्यासही गेला. शेजारी बोलणारे कोणी नाही, म्हणून पुनःश्रुतही नाही. पुढे चार महिन्यांनी हीच सून आमच्याकडे ब्राह्मी मागावयास येते. आठांपैकी चार-पाच कारणे घरातून काढून घेतल्यावर ब्राह्मीने एकटीने काय करावे?

‘आता आराम करा’ हा आपल्या समाजात मोठ्या आदराचा उद्गार आहे. आम्हाला तो वृद्धांच्या बुद्धीचा शत्रू वाटतो. शरीराला विश्रांती हवी हे खरे. जरेत वायूचे आधिक्य असते, बल कमी असते, अतिश्रम नकोत. परंतु शरीराच्या विश्रांतीबरोबर आपण जबाबदारीचीही विश्रांती देऊन टाकतो. घरातील दुधाचा हिशेब पूर्वी आजोबा दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहीत. आज तो भ्रमणध्वनीवर परस्पर भागवला जातो. भाजी घरपोच येते. लग्नकार्यात कोणाला काय आहेर करायचा, हा एकेकाळी घरातील ज्येष्ठ स्त्रीचा अधिकाराचा विषय होता. आता पाकिटे एकगठ्ठा आणली जातात. प्रत्येक बदल सोयीचा आहे व त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र सगळ्यांची बेरीज अशी होते की घरातील वडील माणसाला दिवसभरात एकही निर्णय घ्यावा लागत नाही.

येथे शार्ङ्गधरांच्या एका प्रसिद्ध क्रमाची आठवण होते. वयाच्या प्रत्येक दशकात माणसाची कोणती गोष्ट क्षीण होते हे सांगताना त्यांनी मेधेचा ऱ्हास चौथ्या दशकात सांगितला आणि बुद्धीचा नवव्या दशकात. या क्रमाचा अर्थ कोणी काटेकोर गणिताप्रमाणे लावू नये. पण त्यातील भेद मार्मिक आहे. नवे चटकन ग्रहण करून धरून ठेवण्याची शक्ती चाळिशीतच उतरणीला लागते, आणि बरे-वाईट पारखण्याची, निश्चय करण्याची शक्ती ऐंशीपर्यंत टिकते. आपल्या घरांत नेमके उलटे वर्तन चालते. सत्तरीच्या माणसाकडून निर्णय काढून घेतले जातात आणि त्याच्या स्मरणाची मात्र परीक्षा घेतली जाते. “सांगा बघू, काल रात्री काय जेवलात?” “हा कोण आला आहे, ओळखा पाहू!” पाहुण्यांसमोर असे प्रश्न विचारणारी मुले-नातवंडे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना वाटते, हा मेंदूचा व्यायाम आहे. हा व्यायाम नव्हे, हा अपमान आहे. दोन-चार वेळा असे झाले की वृद्ध मनुष्य चुकण्याच्या भीतीने बोलणेच कमी करतो. मग तो गप्प राहतो म्हणून त्याला आमच्याकडे आणतात.

बुद्धी जेथे शिल्लक आहे तेथे काम द्यावे. आमच्या व्यवसायाशी निगडित असे एक उदाहरण देतो. घरात बाळ जन्माला आले की बाळगुटीची आठवण होते. सहाणेवर कोणत्या मुळीचे किती वेढे द्यायचे, हळकुंडाचे किती, मुरुडशेंगेचे किती, पोट बिघडले तर काय वाढवायचे व शौचास झाले नाही तर काय कमी करायचे, हे ज्ञान आजही सत्तरी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांच्या बोटांत आहे. आजच्या बाळाला गुटी द्यावी की न द्यावी हा प्रश्न ज्याने-त्याने आपल्या बालरोगतज्ज्ञाला विचारून सोडवावा. आमचा मुद्दा आजीचा आहे. ज्या बाईला कालचे जेवण आठवत नाही, तिला बारा मुळ्यांचे बारा वेढे आठवतात, कारण तेथे मुळीचे रूप आहे, वास आहे, सहाणेचा स्पर्श आहे आणि आयुष्यभराचा अभ्यास आहे. वैद्याने वही उघडून तिला हे विचारावे व लिहून घ्यावे. दोन गोष्टी साधतात. तिला आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत हे समजते, आणि आपल्या भागातील वनस्पतींची स्थानिक नावे व घरगुती योग कागदावर येतात. आजच्या पदवीधर वैद्यांपैकी किती जणांना आपल्या तालुक्यातील दहा रानभाज्या ओळखता येतात, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

पुरुषांच्या बाबतीत असाच एक ठेवा म्हणजे जुने पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ज्यांच्याकडून शाळेत घोटून घेतल्या गेल्या अशी पिढी अद्याप आपल्यात आहे. नातवाला त्या येत नाहीत आणि त्याच्या शाळेला त्यांची गरजही नाही. पण आजोबांनी नातवाला रोज संध्याकाळी निमकीच्या दोन ओळी शिकवाव्यात आणि नातवाने आजोबांना भ्रमणध्वनीवर संदेश टाईप करण्यास शिकवावे, ही देवघेव आमच्या अनुभवात कोणत्याही चूर्णाइतकी गुणकारी आहे. त्यात दोघेही कधी गुरू असतात, कधी शिष्य. शिकवणे हे सर्वांत कठीण स्मरणकार्य आहे. शिकवताना माणसाला आपले ज्ञान नव्याने मांडावे लागते.

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर वैद्यांतही गोंधळ दिसतो. पन्नास वर्षे रोज म्हटलेला हरिपाठ किंवा विष्णुसहस्रनाम जिभेवर आपोआप येते. त्याने चित्त शांत होते, दिवसाला आधार मिळतो. ते कोणी सोडू नये व कोणी सोडवू नये. परंतु त्याने बुद्धीला नवे श्रम पडत नाहीत. ज्याला आयुष्यभर बारावा अध्याय पाठ आहे त्याने पंधरावा पाठ करावयास घ्यावा. ज्या मावशी भजनी मंडळात केवळ टाळ धरतात त्यांनी एखाद्या अभंगाची नवी चाल उचलावी. कोडी सोडवणाऱ्याने रोज तेच कोडे न सोडवता आठवड्यातून एकदा आपणच शेजाऱ्यांसाठी शब्दकोडे रचावे. सोंगट्या, पत्ते, बुद्धिबळ यांतही हाच नियम: समोर खरा प्रतिस्पर्धी असावा आणि तो मुद्दाम हरणारा नसावा. नातवंडे आजोबांना दयेने जिंकू देतात, ते आजोबांना लगेच कळते.

दूरदर्शन संचासमोर दिवस काढणाऱ्या वृद्धांविषयी नेहमी तक्रार ऐकू येते. संच बंद करा असे सांगून काही होत नाही. तो बंद केल्यावर घरात दुसरा आवाजच नसतो. त्यापेक्षा रात्रीच्या जेवणाच्या वेळी, “आम्हाला आज मालिका पाहता आली नाही, काय झाले ते सांगा,” असे घरातील कोणी म्हणावे. परीक्षा म्हणून नव्हे. खरोखर ऐकण्याच्या इच्छेने. केवळ पाहिलेले जेव्हा सांगावे लागते तेव्हा ते स्मरणात उतरते. एवढ्याने तीच मालिका औषध होते.

पाश्चात्त्य संशोधन याबाबत काय सांगते हे आपण पाहिले पाहिजे, आणि ते आपल्या सोयीपुरते पाहू नये. अमेरिकेत २,८०२ वृद्धांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. काहींना स्मरणाचे, काहींना तर्काचे, काहींना वेगाने माहिती ग्रहण करण्याचे प्रशिक्षण दिले गेले. ज्याला जे शिकवले त्यातच तो सुधारला. स्मरणाच्या सरावाने तर्क सुधारला नाही आणि तर्काच्या सरावाने स्मरण सुधारले नाही. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत तर्क व वेग यांचा लाभ टिकलेला आढळला, स्मरणाचा टिकला नाही. याचा अर्थ, ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एखाद्या खेळाने सर्वांगीण बुद्धी वाढते, हे मानण्यास फारसा आधार नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० व्यक्तींवर दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी विकारांवर लक्ष असा एकत्रित प्रयोग झाला व २०१५ साली त्याचे अनुकूल परिणाम प्रसिद्ध झाले. एकत्रित दिनचर्या म्हणजे आपलेच क्षेत्र. आणि वनौषधीचे काय? जिंकगो या जगप्रसिद्ध वनस्पतीच्या अर्काची चाचणी अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर झाली. २००८ साली निष्कर्ष आला की त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. ज्या तोडीची चाचणी जिंकगोची झाली त्या तोडीची आपल्या शंखपुष्पीची झालेली नाही. ती होईपर्यंत दाव्यांत संयम ठेवणे हे आपल्याच हिताचे आहे.

हैदराबादच्या निझाम वैद्यकीय संस्थेतून २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र आपल्या अगदी जवळचा आहे. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची तुलना केली असता, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत व्याधीचा आरंभ सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेला दिसला. निरक्षरांतही हा फरक आढळला. ही निरीक्षणे आहेत, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही सोलापूर-अक्कलकोटकडील मराठी-कानडी बोलणारी आजी, खानदेशातील अहिराणी बोलणारे आजोबा, मुंबईतील गुजराती शेजाराने वाढलेले काका यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. घरात नातवंडांसाठी इंग्रजी आली आणि आजीची बोली ‘अशुद्ध’ ठरून बंद झाली, असे अनेक घरांत घडते. आजीला तिच्या बोलीत बोलू द्यावे, आणि नातवाने त्या बोलीतील दहा शब्द तिच्याकडून शिकावेत.

कानांविषयी स्वतंत्र लिहिले पाहिजे. लॅन्सेट या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची जी चौदा परिहार्य कारणे मांडली त्यांत श्रवणदोष हे अग्रभागी आहे. दृष्टिदोष, एकाकीपणा, मधुमेह, रक्तदाब हीही त्यात आहेत. ज्याला ऐकू येत नाही तो संभाषणातून बाहेर पडतो. मग घरचे म्हणतात, लक्ष नसते, विसरतो. मुळात शब्द कानांत शिरलाच नाही तर स्मृतीत काय साठणार? पुष्कळदा कानात केवळ मळ साठलेला असतो. तो तपासण्यास दोन मिनिटे लागतात. कर्णपूरण हा उत्तम उपक्रम आहे. पण वयपरत्वे आलेल्या बहिरेपणात श्रवणयंत्राला पर्याय म्हणून तेलाची कुपी देणे हा रुग्णाचा घात आहे. तेच मोतीबिंदूबाबत. आधी ऐकू व दिसू द्यावे, मग बुद्धीचा विचार करावा.

आता औषधी दुकानदार बंधूंशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. बाजारात ‘ब्राह्मी’ या नावाने काय मिळते हे आपण सारे जाणतो. कोठे जलब्राह्मी येते, कोठे मंडूकपर्णी, आणि ग्राहकाला भेद सांगितला जात नाही. शंखपुष्पीच्या नावाखाली तर चार निरनिराळ्या वनस्पती देशाच्या निरनिराळ्या भागांत चालतात. केरळात गोकर्णीलाच शंखपुष्पी म्हणतात. आपण कोणती विकतो हे विक्रेत्याला ठाऊक असलेच पाहिजे. यष्टिमधू चार मेध्य रसायनांपैकी एक आहे म्हणून तो निरुपद्रवी, असे समजू नये. दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. आपल्याकडे येणाऱ्या वृद्धांत रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे किती आहेत ते मोजून पाहावे. वेखंडातील बीटा-असारोनमुळे अमेरिकेने १९६८ सालीच ते खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी घातली. मुलांप्रमाणेच वृद्धांतही ते महिनोन्‌महिने चालू ठेवण्याचे कारण नाही. साखरेच्या पाकातील सिरप मधुमेही आजीला दिले जाते, हे तर नित्य घडते. मंद अग्नीच्या माणसाला ब्राह्मीघृताची भरघोस मात्रा देऊन त्याचे अन्नच बंद पाडल्याची उदाहरणेही वैद्यांना परिचित आहेत.

जाहिरातींचा विषय अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या परिशिष्टात मेंदूच्या व्याधींचा समावेश आहे. ‘स्मृतिभ्रंशावर खात्रीचा उपाय’ असा फलक दुकानावर लावणे हा केवळ अतिशयोक्तीचा दोष नाही. तो कायद्याचा भंग आहे. कायदा नसता तरी आम्ही तो फलक उतरवण्यास सांगितले असते. कारण त्या फलकापायी खऱ्या व्याधीचा रुग्ण सहा-सहा महिने तेथेच अडकतो.

खरा व्याधी आणि जरेचा स्वाभाविक विसर यांतला भेद दुकानाच्या फळीवरही बऱ्याच अंशी कळू शकतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा हातात घेऊन तो कशासाठी आहे हे न कळणे वेगळे. शेजाऱ्याचे नाव उशिरा आठवणे वेगळे, आणि वीस वर्षांच्या ओळखीच्या रस्त्यावर घर न सापडणे वेगळे. रोजची आमटी करताना क्रम चुकणे, पैशांचा हिशेब सुटणे, स्वभाव एकाएकी पालटणे ही लक्षणे ऐकू आली तर बाटली देऊ नये, मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. दोन-चार दिवसांत अचानक भ्रम झाला असेल तर तो बहुधा संसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखरेची घट, नव्या गोळीचा परिणाम किंवा पडल्यामुळे डोक्यात झालेला रक्तस्राव असतो. तेथे एक दिवसही दवडू नये. थायरॉइडची मंदता, शाकाहारी वृद्धांत दिसणारी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि विषाद ही तीन कारणे रक्ततपासणीने व शांतपणे बोलण्याने सापडतात व त्यांवर उपाय आहेत. जोडीदार गेल्यानंतर वर्षभरात ‘विसरू लागलेल्या’ माणसाला स्मृतीचे औषध देण्यापूर्वी त्याचे दुःख ऐकून घ्यावे.

मग वैद्याने द्यावे तरी काय? द्यावे ते दिवसाचे पत्रक. सकाळी सोसेल तेवढे अभ्यंग व पादाभ्यंग. नासिकेत प्रतिमर्श नस्याचे दोन थेंब, ज्याला वाग्भटांनी वयाची अट ठेवलेली नाही. उन्हात चालणे, शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने. घरातील एक जबाबदारी पूर्णपणे त्या व्यक्तीकडे, मग ते भाजी निवडणे नसून भाजी काय आणायची हे ठरवणे असावे. दुपारची झोप आटोपशीर. आठवड्यातून एकदा घराबाहेर, ज्येष्ठ नागरिक संघ असो, कीर्तन असो वा केवळ पारावरचा कट्टा. एक नवी गोष्ट शिकावयास घेतलेली. आणि त्यानंतर प्रकृती, अग्नी व चालू औषधे पाहून एखादे मेध्य द्रव्य, नेमक्या मुदतीसाठी. क्रम हाच असावा. हे पत्रक घरातील कर्त्या माणसाच्या हाती न देता त्या वृद्ध व्यक्तीच्याच हाती द्यावे आणि पुढच्या भेटीत तिलाच विचारावे.

यावर व्यवसायबंधूंचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. ग्राहकाला बाटली हवी असते. दिली नाही तर तो समोरच्या दुकानातून घेईल. हे उत्तर खोटे नाही. रुग्णाशी वीस मिनिटे बोलून पत्रक लिहून दिले तर त्याचे पैसे मागण्याचा आपल्याला संकोच वाटतो. औषध दिले की ते पैसे औषधाच्या किमतीत मिसळून घेता येतात. आपल्या व्यवसायाची घडी अनेक वर्षे अशीच बसलेली आहे. सल्ल्याचे मोल वेगळे घेतले जात नाही, म्हणून सल्ला दिलाच जात नाही. आणि बाटलीवर पोट असल्याने प्रत्येक तक्रारीचे उत्तर बाटलीत शोधावे लागते. दुकानदार बंधूंची अडचण याहून बिकट आहे, कारण त्यांना सल्ल्याचे मोल घेण्याची सोयही नाही. त्यांच्यासाठी संघटनेने त्या-त्या गावातील वैद्यांशी जोडणी करून द्यावी. साठ वर्षांवरील व्यक्तीसाठी स्मृतीचे औषध मागणाऱ्यास दुकानदाराने तीन प्रश्न विचारावेत: ऐकू येते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि दिवसभर काय करतात. उत्तरे चिठ्ठीवर लिहून ग्राहकाला वैद्याकडे पाठवावे. वैद्याने औषध लिहिले तर ते त्याच दुकानातून जावे. चार ग्राहक सुरुवातीला परत जातील, हे आम्ही गृहीत धरतो.

वृद्धांच्या दिनचर्या-सल्ल्यासाठी औषधाव्यतिरिक्त वेगळे शुल्क किती असावे, ते केसपेपरवर स्वतंत्र दाखवावे की नाही, आणि ज्यांना ते परवडत नाही अशांसाठी महिन्यातून एक दिवस निःशुल्क ठेवता येईल का, हा विषय येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असे पत्र आम्ही कार्यकारिणीस देत आहोत. शाखांनी आपापली मते सभेपूर्वी लेखी कळवावीत, आणि ज्या वैद्यांनी असे शुल्क आधीच सुरू केले आहे त्यांनी रुग्णांचा प्रतिसाद कसा आहे तेवढे अवश्य लिहावे.